स्नेही, मित्र आणि नोंद : ‘सेल्बर्न’मधील संबोधिताचा प्रश्न

पत्रवाङ्मयाचा विचार करताना मराठी समीक्षेने लेखकाकडे जेवढे लक्ष दिले तेवढे पत्र ज्याला लिहिले जाते त्याच्याकडे दिलेले नाही. पत्र हा आत्मपर लेखनाचा एक प्रकार, त्यात लेखकाचे ‘मोकळे’ व्यक्तिमत्त्व उमटते, या गृहीतावर आपली बहुतेक विवेचने उभी असतात. संबोधित व्यक्ती ही जणू टपालपेटी : लिहिलेले आत टाकायचे, एवढाच तिचा उपयोग. या गृहीताची मर्यादा दाखवणारी संहिता म्हणून गिल्बर्ट व्हाइटच्या ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बर्न’ या ग्रंथाकडे पाहता येते. मुखपृष्ठावर १७८९ हे वर्ष असलेल्या या ग्रंथाचा निसर्गविषयक भाग एकशेदहा पत्रांचा आहे. त्यांतील चव्वेचाळीस थॉमस पेनंटला आणि सहासष्ट डेन्स बॅरिंग्टनला उद्देशून आहेत. हॅम्पशरमधील एका खेड्यात कोणते पक्षी केव्हा आले, कोणत्या झाडाखाली काय सापडले, कासव हिवाळ्यात किती खोल गेले, असा त्यांचा आशय. इंग्रजी वाचकाने या पुस्तकावर दोनशे वर्षांहून अधिक काळ प्रेम केले ते एका विशिष्ट प्रतिमेमुळे : गावाबाहेर फारसा न गेलेला, अविवाहित, शांत धर्मोपदेशक आणि त्याचे एकटे, निर्मळ डोळे.

ही प्रतिमा संहितेला धरून नाही. ‘सेल्बर्न’मधील निरीक्षणे एकट्याची नाहीत. एखादी गोष्ट पाहण्याजोगी आहे हे व्हाइटला अनेकदा ती कोणाला सांगायची आहे यावरून कळते. किती खात्रीने सांगायची, कुठे थांबायचे, शंका कोणत्या स्वरात मांडायची हेही त्या ‘कोणा’वरच अवलंबून असते. संबोधित हा येथे ज्ञानव्यवहाराचा घटक आहे.

मराठीत ‘स्नेही’ आणि ‘मित्र’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांतील अंतर या ठिकाणी उपयोगी पडते. स्नेह्याशी आदराचे, कामाचे, देवघेवीचे नाते असते. मित्राशी कामाशिवायही बोलता येते. पेनंट आणि बॅरिंग्टन हे व्हाइटचे स्नेही होते. पेनंट (१७२६–१७९८) हा वेल्समधील जमीनदार, ‘ब्रिटिश झूलॉजी’चा कर्ता. त्याला निरनिराळ्या भागांतून माहिती पाठवणारी माणसे हवी होती आणि १७६७ पासून व्हाइट त्यांपैकी एक झाला. बॅरिंग्टन (१७२७–१८००) हा कायदेपंडित आणि रॉयल सोसायटीचा सभासद होता; लंडनमध्ये आलेल्या बालवयातील मोझार्टची परीक्षा घेऊन तिचा वृत्तांत प्रसिद्ध करणारा हाच. सेल्बर्नचे धर्मपीठ ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजच्या हाती आणि व्हाइट ओरिएल कॉलेजचा फेलो, म्हणून जन्मगावाचा मुख्य धर्मोपदेशक होणे त्याला शक्य नव्हते. तेथे तो साहाय्यक म्हणूनच राहिला. अशा माणसाला या दोघांच्या रूपाने विद्वत्जगाची दोन दारे उघडी झाली. मित्र मात्र तिसराच होता. त्याच्याकडे पुढे वळावे लागेल.

पेनंटला प्राण्यांच्या जाती हव्या होत्या. त्यामुळे त्याला लिहिलेल्या पत्रांत व्हाइट भेद करतो, मोजतो, तोलतो. कणसांच्या ताटांना घरटे बांधणारा एक बारीक उंदीर त्याला आढळतो. त्याचे घरटे क्रिकेटच्या चेंडूएवढे, इतके घट्ट विणलेले की मेजावर घरंगळत नेले तरी आतील आठ उघडी-आंधळी पिले विस्कटत नाहीत. पुढच्या पत्रात हिशेब येतो : असे दोन पूर्ण वाढलेले उंदीर तागडीत घातले की एका तांब्याच्या अर्ध्या पेनीची बरोबरी होते. हे माप वाचकाच्या खिशातले आहे, म्हणजे स्नेह्याला ते तसेच्या तसे हातावर घेऊन पाहता येईल. ऑगस्ट १७६८च्या पत्रात, दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन पर्ण-वटवटे हे तीन वेगळे पक्षी आहेत असे तो सांगतो आणि त्याचा मुख्य आधार त्यांचा आवाज असतो. पेनंटचे शास्त्र कातडी आणि पिसे यांवर चालणारे होते. त्या शास्त्राला व्हाइटने कान दिला.

या टप्प्यावर भिंगऱ्यांचा प्रश्न येतो. थंडीत भिंगऱ्या व पाकोळ्या दूरदेशी जातात की येथेच कुठेतरी दडून शीतनिद्रा घेतात, हा अठराव्या शतकातील गंभीर वाद होता. पेनंटचा कल स्थलांतराकडे, बॅरिंग्टन शीतनिद्रेचा हट्टी पुरस्कर्ता. व्हाइट दोन्ही बाजूंना झुकत राहिला आणि बहुतेक टीकाकारांनी याला त्याचा भाबडेपणा म्हटले आहे. पत्रे संबोधितानुसार वेगळी काढून वाचली तर निराळी गोष्ट दिसते. ऑगस्ट १७६७मधल्या, पेनंटला खरोखर पाठवलेल्या पहिल्या पत्रात व्हाइट शीतनिद्रेच्या बाजूचे पुरावे आणतो. एका चर्चच्या मनोऱ्याचे बांधकाम पाडताना ढिगाऱ्यात पाकोळ्या सापडल्या, शेकोटीजवळ नेताच हालू लागल्या, ही एका धर्मोपदेशकाने सांगितलेली हकिगत तो देतो. ब्राइटनजवळ समुद्रकाठचा कडा कोसळला तेव्हा त्यात भिंगऱ्या आढळल्या, ही दुसरी. परंतु लगेच, तुम्ही स्वतः त्या पाहिल्यात काय, असे आपण सांगणाऱ्याला विचारले आणि उत्तर नकारार्थी आल्याने निराशा झाली, असेही तो नोंदवतो. काही वर्षांनी बॅरिंग्टनला लिहिताना, तुम्ही स्थलांतराचे पक्षपाती नाही हे ठाऊक आहे असे म्हणून तो नेमकी उलट बाजू मांडतो. जिब्राल्टरला असलेला त्याचा भाऊ जॉन याने सामुद्रधुनी ओलांडणारे पक्ष्यांचे थवे पाहिले होते, तो पुरावा बॅरिंग्टनपुढे ठेवला जातो.

म्हणजे ज्याला जे पटत नाही ते त्याच्याकडे न्यायचे. याला दोलायमान वृत्ती म्हणणे अन्यायाचे ठरेल. येथे स्नेहाचा एक प्रामाणिक उपयोग केलेला दिसतो. समोरच्याच्या मताला हवे ते पुरवून त्याची मर्जी राखणे सोपे होते, विशेषतः सामाजिक दर्जाने आणि कीर्तीने दोन्ही स्नेही वरचढ असताना. व्हाइटच्या पत्रांतील आर्जव फक्त संबोधनात आणि समारोपात असते. मधल्या मजकुरात तो प्रतिपक्ष उभा करतो. बाख्तिनने उच्चार हा नेहमी उत्तरापेक्षी असतो असे म्हटले, त्याचा अर्थ येथे फार ठोस होतो : आक्षेप येणार हे धरूनच वाक्य बांधलेले असते.

हा नियम सर्वत्र टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल १७८१मध्ये व्हाइटने गावामागच्या उतारावर माणसे लावून झुडपे आणि खोबणी खणून काढल्या. आत झोपलेल्या भिंगऱ्या मिळतील ही आशा. काहीच मिळाले नाही. आणि खोदकाम चालू असतानाच त्या वर्षीची पहिली भिंगरी लोकांच्या देखत गावावरून आली, एका घरट्यात शिरली, थोडा वेळ थांबली आणि घरांवरून उडून गेली. हा वृत्तांत बॅरिंग्टनलाच लिहिलेला आहे आणि त्यातील व्हाइट बॅरिंग्टनच्या बाजूने शोधायला निघालेला आहे. बारा वर्षांच्या पत्रव्यवहाराने स्नेह्याचे वेड याच्याही अंगी लागले, असे म्हणावे का? तसे असले तरी अपयश झाकलेले नाही. भिंगरीचे ते अवेळी येणे विनोदासारखे वाटते, आणि व्हाइट त्यावर काही भाष्य न करता ते तसेच ठेवतो.

बॅरिंग्टनने आणखी एक गोष्ट दिली : कोरे तक्ते. ‘नॅचरलिस्ट्स जर्नल’ या नावाने छापलेल्या या नोंदवह्यांत वारा, हवामान, पालवी फुटलेली झाडे, दिसू लागलेले व दिसेनासे झालेले पक्षी यांचे रकाने होते. छापणारा व्हाइटचा भाऊ बेंजामिन. पुढे ‘सेल्बर्न’चा प्रकाशकही तोच. १७६८ पासून १७९३मध्ये मृत्यू येईपर्यंत व्हाइट हे तक्ते भरत राहिला. शेवटच्या, ‘इतर’ स्वरूपाच्या रकान्यात हळूहळू काकड्या, पाहुणे, पुतण्या-भाच्यांचे जन्म असे सारे जमू लागते. दुसऱ्याने आखून दिलेल्या चौकटीत एका माणसाचे आयुष्य असे वस्तीला येते. ‘उत्स्फूर्त’ निसर्गप्रेमाच्या कल्पनेला हा तक्ता मोठी अडचण आहे.

या देवघेवीचा सर्वांत रम्य नमुना घुबडांच्या स्वरांचा. व्हाइटचा एक मित्र कळवतो की त्याच्याकडची बहुतेक घुबडे ‘बी फ्लॅट’ या स्वरात घुमतात, एक मात्र ‘ए’च्याही जवळजवळ अर्धा स्वर खाली गेले. हार्पसिकॉर्ड जुळवताना वापरतात तशी, अर्ध्या क्राउनला मिळणारी स्वर देणारी शिट्टी घेऊन ही परीक्षा केलेली. मग सेल्बर्नमधील चांगल्या कानाचा एक शेजारी आपल्या गावची घुबडे तपासतो. त्याला तीन वेगळे स्वर मिळतात. दोन घुबडे एकमेकांना साद देताना एकाचा स्वर एक, दुसऱ्याचा दुसरा. हाच शेजारी कुकू पक्ष्यांकडेही वळतो. सेल्बर्नच्या रानात ते बहुधा ‘डी’मध्ये गातात, पण एकदा ‘डी’ आणि ‘डी शार्प’मध्ये दोघे एकत्र गायले आणि ती जुगलबंदी कानाला फारच अप्रिय झाली. व्हाइट हे सारे बॅरिंग्टनला कळवतो आणि विचारतो : हा फरक जातींमधला आहे की निरनिराळ्या व्यक्तींमधला?

प्रश्नाची ही मांडणी त्या काळात मोठी होती, कारण पक्ष्याला ‘व्यक्ती’ असू शकते ही शक्यता त्यात आहे. पण ती कोणा एकाच्या प्रतिभेतून आलेली नाही. एका गावचा मित्र, दुसऱ्या गावचा शेजारी, लंडनमधला विद्वान आणि या तिघांच्या मधे पत्रे लिहीत बसलेला व्हाइट अशा चौघांमधून ती निघते. तुलना करायला दुसऱ्या गावची घुबडे नसती तर सेल्बर्नची घुबडे केवळ घुमत राहिली असती. ‘स्थानिक’ हे विशेषणसुद्धा दुसऱ्या स्थळाच्या पत्रावाचून सिद्ध होत नाही. आपल्याकडे देशीयतेच्या चर्चेत स्थळाला जे स्वयंपूर्णत्व बहाल केले जाते, त्याने हा मुद्दा लक्षात घ्यायला हवा.

येथे संहितेतील एक गुंता पुढे येतो. छापील ग्रंथातील सर्व पत्रे टपालात पडलेली नाहीत. पेनंटला उद्देशून असलेली पहिली नऊ पत्रे कधीच पाठवली गेली नाहीत. गावाची रचना, माती, विहिरी, जंगल यांची ओळख ग्रंथाच्या आरंभी हवी म्हणून ती मागाहून रचली. बॅरिंग्टनच्या भागातील हवामानाची अखेरची पत्रेही पुस्तकासाठीच तयार केलेली. ‘खोटी पत्रे’ म्हणून त्यांच्यावर बोट ठेवणे सोपे आहे, पण वाङ्मयीन दृष्ट्या त्यांचे मोल वेगळेच. पाठवलेल्या आणि न पाठवलेल्या पत्रांच्या गद्यात फरक आहे. न पाठवलेल्या पत्रांत गोष्ट पूर्ण होते. दुसऱ्या पत्रातील ओकवृक्षाची हकिगत पाहावी. त्याच्या मध्यावर मोठे आवाळू होते, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या गावच्या पोरांना वर चढून रेव्हन कावळ्यांचे घरटे गाठता आले नाही. शेवटी फेब्रुवारीत, मादी अंड्यांवर बसलेली असताना, झाड तोडायला घेतले. करवत चालली, पाचरी ठोकल्या, लाकडी घणांचे आवाज रानात घुमले, तरी ती उठली नाही. झाड कोसळले, ती बाहेर फेकली गेली आणि फांद्यांचे फटके बसून मेली. या गद्याला आरंभ, ताण आणि शेवट आहे. त्याखाली कोणी ‘तुमचे मत कळवा’ असे लिहू शकत नाही. १७८३च्या उन्हाळ्यातील धुरकट आकाश आणि रक्तासारखा सूर्य यांचे प्रसिद्ध वर्णनही (आइसलंडमधील ज्वालामुखीचा तो परिणाम) असेच मिटलेले, चित्रासारखे आहे.

पाठवलेली पत्रे मिटत नाहीत. उंदरांची आई एवढ्या गोल घरट्यात आठ पिलांना पाजते कशी, अशा प्रश्नावर ती थांबतात, आणि उत्तर पुढच्या पत्रात येते किंवा येतच नाही. संकलनांतून अधिक दिसतात ती उतारे म्हणून सुटी निघणारी मिटलेली पत्रे, आणि एकट्या डोळ्यांची प्रतिमा त्यांतूनच तयार झाली असावी. ग्रंथाची खरी ताकद मात्र न मिटलेल्या पत्रांत आहे.

आता तो तिसरा. जॉन मल्सो हा ऑक्सफर्डपासूनचा व्हाइटचा जिवलग. आळशी, प्रकृतीची सतत तक्रार करणारा, विनोदी. सेल्बर्नविषयीचे लेखन व्हाइटला अमर करील, ही भविष्यवाणी ग्रंथ छापून निघण्याआधीच करणारा. त्याची व्हाइटला आलेली पत्रे उपलब्ध आहेत. व्हाइटने त्याला लिहिलेली नष्ट झाली. म्हणजे ज्या पत्रांत रोजचे जगणे, थट्टा, दुखणी, सहली असाव्यात असा कयास करता येतो, तीच नाहीत. मल्सोच्या उत्तरांतून त्यांची सावली तेवढी दिसते. एका मित्राचा अर्धा संवाद आणि दोन स्नेह्यांसाठी नीट मांडलेला ग्रंथ, असा हा वारसा आहे.

जे ग्रंथात आले नाही त्याची कल्पना १७६३च्या उन्हाळ्यावरून येते. लंडनचे प्रसिद्ध मनोरोगतज्ज्ञ विल्यम बॅटी यांच्या तीन तरुण मुली त्या वर्षी सेल्बर्नला राहायला आल्या होत्या. हँगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बीच वृक्षांनी भरलेल्या उतारावर व्हाइट बंधूंनी नागमोडी वाट खोदून काढली होती. वर एक पर्णकुटी होती. तेथे चहा, गाणी, गुराख्यांचे वेष. धाकटा भाऊ हॅरी साधूचे सोंग घेऊन प्रकट होई. कॅथरिन बॅटीने या दिवसांची छोटीशी रोजनिशी ठेवली आणि ते आपल्या आयुष्यातील अत्यंत आनंदाचे दिवस असल्याचे तिच्या शीर्षकातच म्हटले. व्हाइटची नोंद कुठे सापडते? खरबुजे, काकड्या, शेणखत यांच्या हिशेबासाठी ठेवलेल्या ‘गार्डन कॅलेंडर’मध्ये. जुलैच्या अखेरीस तो लिहितो की पर्णकुटीत वीस जणांनी चहा घेतला, बॅटी भगिनी आणि मल्सो मंडळींच्या गाण्याने रंगत आणली, साधूही शोभून दिसला. खरबुजांच्या शेजारी ही एक संध्याकाळ. छापील ‘सेल्बर्न’मध्ये तिला जागा नाही. तेथे हँगर येतो, बीच वृक्ष येतात. गाणारी माणसे गेलेली असतात.

टिमथी कासवाचेही असेच. रिंगमर येथील आत्याच्या बागेतले हे कासव ती वारल्यावर मार्च १७८०मध्ये व्हाइटने झोपेतूनच उकरून सेल्बर्नला आणले. ग्रंथात ते निरीक्षणाचा विषय आहे : कधी जमिनीत जाते, पावसाला कसे भिते. पण मल्सोच्या घरातील हेकी या मुलीला व्हाइटने टिमथीच्या नावाने एक गमतीचे पत्र लिहिले होते. त्यात कासव आपले वजन करणाऱ्या, आपल्यावर कर्णा लावून ओरडणाऱ्या मालकाची गाऱ्हाणी सांगते. (ते कासव मादी असल्याचे त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने कळले. शास्त्रीय नोंदी भरपूर असूनही.) निरीक्षकच निरीक्षिला जातोय ही जाणीव व्हाइटला होती, मात्र ती बोलून दाखवायला मित्राचे घर लागले.

मराठी ललित गद्याच्या चर्चेत हे सारे उपयोगी पडावे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’पासून (१९५६) निसर्गपर गद्याची जी मोजपट्टी आपल्याकडे तयार झाली ती ‘मी’च्या संवेदनशीलतेची. लेखकाचे निसर्गाशी तादात्म्य किती, भाषा किती तरल, असे प्रश्न विचारले जातात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’वरही हीच पट्टी लावली जाते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाला ती लावू जाता अर्धेअधिक पुस्तक बाहेर राहते, कारण वनखात्यातील नोकरीत जंगलातल्या माणसांनी सांगितलेली नावे, समजुती आणि खुणा हाच तेथे मोठा ऐवज आहे. ‘कोणी पाहिले’ याइतकेच ‘कोणी सांगितले आणि कोणाला’ हे विचारल्याशिवाय या गद्याची रचना उलगडत नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातील किरकोळ टिपणांचा विभाग हाही वस्तुतः पत्रांचाच संग्रह आहे. त्याचा वाङ्मयीन दृष्ट्या विचार झाल्याचे दिसत नाही.

‘कोणी सांगितले’ हा प्रश्न ‘सेल्बर्न’लाही सोडत नाही. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) व्हाइटला जेन ऑस्टिन आणि विल्यम कॉबेट यांच्या शेजारी उभे केले : एकाच भूभागातले तिघे, तिघांचे ग्रामीण इंग्लंड वेगळे. पर्णकुटीतील चहाच्या त्याच वर्षी जवळच्या फार्नम गावी जन्मलेल्या कॉबेटला त्या शेतांत मजूर दिसले. व्हाइटच्या पत्रांत मजूर आहेत, पण बहुधा पुरावा आणून देणारे म्हणून. उंदराचे घरटे कोणीतरी आणून देते, उतार कोणीतरी खणते, झाडावर कोणीतरी चढते. पाठवलेल्या वस्तूला पत्रात स्थान मिळते, पाठवणाऱ्याला क्वचितच. लिहिता-वाचता येणाऱ्या सभ्य माणसांच्या वर्तुळात मैत्री ज्ञान निर्माण करते, त्या वर्तुळाबाहेर तीच देवघेव नुसती पुरवठ्याची होते.

डिसेंबर १७७५चे बॅरिंग्टनला लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचवत नाही आणि टाळताही येत नाही. वीसेक वर्षांपूर्वी सेल्बर्नमध्ये एक मतिमंद मुलगा होता. लहानपणापासून त्याला मधमाश्यांखेरीज काही सुचत नसे. तो त्या उघड्या हातांनी धरी, नांगी काढी, मधाच्या पिशवीसाठी त्यांना चोखी, सदऱ्याच्या आत अंगाला लागून त्या भरून ठेवी. पोळ्यांच्या घडवंचीवर बोटांनी टकटक करून बाहेर येणारी माशी पकडी. धावताना ओठांनी त्यांच्यासारखाच गुणगुणे. जिथे मधाचे मद्य बनत असेल तिथे घुटमळून एक घोट मागे, आणि त्या पेयाला त्याने स्वतःचे एक नाव ठेवले होते, त्यात माशी आणि मद्य दोन्ही आले होते. बापाच्या घरी हिवाळा मात्र तो चुलीजवळ गुंगीत काढी. त्यासाठी व्हाइट जो शब्द वापरतो तो भिंगऱ्यांच्या आणि कासवाच्या शीतनिद्रेसाठी वापरलेलाच. संपूर्ण सेल्बर्नमध्ये मधमाश्यांशी एवढी जवळीक असलेला दुसरा कोणी नव्हता. तो पुढे दूरच्या गावी गेला आणि मोठा होण्याआधीच वारला, असे व्हाइटला कळले. पत्रात त्याचे नाव दिलेले नाही.